पान बेचाळीस

१२ फेब्रुवारी, दुपार

चि. ठमाबाईस,

अनेक आशीर्वाद. एकाच घरात राहून बाप पत्र काय लिहितो, म्हणशील. तू कॉलेजातून आलीस की माझ्याने तोंड उघडवत नाही, म्हणून हे तुझ्या टेबलावर ठेवतो. गुडघा बरा आहे. कुंडीतल्या गुलाबाने कळी धरली आहे.

तू वर्गाला दिलेला उपक्रम मला मनापासून आवडला होता. प्रत्येकाने इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात एक लेख लिहायचा आणि आधाराशिवाय एक वाक्यही घालायचं नाही. म्हणून तर तुझ्या त्या चष्मेवाल्या विद्यार्थिनीला मी आमच्या चौथीच्या पुस्तकातल्या, आता सारे विसरलेल्या कवयित्रीचा विषय सुचवला. तिची कविता आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो. बाकांवर तिरपं ऊन यायचं, खडूची धूळ त्यात तरंगायची. असो.

पोरगी रविवारी आपल्याकडे यायची. एकदा म्हणाली, "आजोबा, शेवटचं कडवं कुठेच मिळत नाही. तुम्हाला आठवतं?" मी डोळे मिटले आणि म्हणून दाखवलं:

दार लोटुनी ऊन आले, घरात नव्हते कोणी
वाट पाहुनी निघून गेले, सांज ठेवुनी अंगणी

तिने ते लेखात घातलं. 'कासव' असं टोपणनाव घेतलेल्या एका संपादकाने लगेच विचारलं, आधार काय? पोरगी गोंधळली. मी म्हणालो, "लिही, चौथीचं जुनं वाचनपुस्तक, पान बेचाळीस."

"तुम्ही पाहिलंय ना?"

"अगं, त्या पुस्तकावर वाढलोय मी."

कासवाने ते पुस्तक शोधून काढलं. पान बेचाळीसवर दात कसे घासावेत याचा धडा आहे.

ओळी उडाल्या आणि तुझ्या साऱ्या वर्गाचे लेख संशयात आले. परवा आपल्या बैठकीच्या खोलीत तू तिला म्हणालीस, "खोटा आधार देतेस? नापास करावं लागेल तुला." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्र वर धरलं. ती एवढंच म्हणाली, "चुकलं, मॅडम." ती गेल्यावर तू म्हणालीस, "बघा ना बाबा, आजकालची मुलं." मी मान हलवली. ठमे, मी मान हलवली.

ते कडवं मला आठवलं नव्हतं. ते माझं आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या कविता शिकवल्या. वाटलं, त्यांच्या पंगतीत आपल्याही दोन ओळी गुपचूप बसाव्यात. लेखाच्या चर्चापानावर कुणीतरी लिहिलं होतं, 'हे कडवं मलाही शाळेपासून पाठ आहे.' ते वाचून मी सुखावलो होतो. त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

आज सकाळी तिथेच, स्वतःच्या नावाने, एका बोटाने टाइप करून सगळं कबूल केलं. कासवाचं उत्तर आलं: 'ओळी बऱ्या आहेत. इथे मात्र नकोत.' पहिलं वाक्य मी वाचलंच नाही असं धरतो.

तिचे गुण तिला दे. हे पत्र वर्गात वाचून दाखव, मी मागाहून नको म्हटलं तरी. आणि रविवारी तिला बोलाव. दार मी उघडेन.

ज्याच्या आठवणींना तू कधी आधार मागितला नाहीस, तो तुझा
बाबा