फॅरनहाइटवरचे एकशे पंच्याऐंशी

मंगळवार, संध्याकाळ. नॉर्थ यॉर्क.

सुहासच्या हाडांतल्या दुखण्यावर डॉक्टरांनी गांजाची वाफ सांगितली; इथे ते कायदेशीर आहे. तापमान एकशे पंच्याऐंशी. आठवडाभर मी व्हेपोरायझरवर तेच लावून देत होते.

"कॉन्व्हेंटची मुलगी नवऱ्याला गांजा भरून देते!" तो हसायचा. ओढून झालं की, "बरं वाटतंय गं."

आज लेकीने, रेवाने, ते हातात घेतलं. "आई, हे फॅरनहाइटवर आहे! याने वाफच होत नाही."

एकशे पंच्याऐंशी. लहानपणापासून ताप फॅरनहाइटमध्येच मोजत आलेली मी, तो 'एफ' मला खटकलाच नाही.

डॉक्टरांचा आकडा सेल्सिअसमधला होता. तसं लावलं. त्याला ठसका लागला, मग हळूहळू कपाळावरच्या आठ्या गेल्या. त्या इतके दिवस तिथेच होत्या?

आठवडाभर नुसती गरम हवा ओढत होता. आणि बरं वाटतंय म्हणायचा, माझ्या तोंडाकडे बघून.