अनुमोदकाची जागा

रविवार, १ मे २०१६

पोचले एकदाची. चिपळूणची बाई मे महिन्यात बीड जिल्ह्यात, आणि तेही बेटावर राहायला निघाली म्हटल्यावर आमच्या शाळेत सगळे पोट धरून हसले होते. हसू देत. गुहागरला समुद्राकाठी एका रात्रीचे जे मागतात, त्यात इथे जेवणासकट आठ दिवस निघतात.

कल्पना केतकीची. आई, पाठीवर पिशव्या टाकू आणि जिथे कुणी जात नाही तिथे जाऊ, म्हणाली. तिची परीक्षा सातला संपते आणि नऊला ती पुण्याहून येईल. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही मायलेकी सलग आठ दिवस एका छपराखाली राहिलेलो नाही. माझी सुट्टी आधीच लागली, म्हणून मी पुढे येऊन सगळं लावून ठेवते म्हटलं.

बीडहून केजची एसटी आणि केजहून जीप. जीपमध्ये पंधरा माणसं, दोन शेळ्या आणि एकच विषय, टँकर. नव्या हिवरदऱ्याला सोसायटीचे सचिव बद्रीनाथ उभेच होते. जुनं गाव चाळीस वर्षांपूर्वी धरणात गेलं. उंचावरचं सोसायटीचं गोदाम तेवढं वर राहिलं, त्याचं बेट झालं, आणि सोसायटीने त्याचं ‘पर्यटक निवास’ केलं. बद्रीनाथांनी होडीने आणून सोडलं आणि पाणी, पीठ घेऊन एक दिवसाआड येतो म्हणाले.

निवास कसलं डोंबलाचं. फोटोत खिडकीखाली निळं पाणी होतं, इथे खिडकीखाली भेगाळलेली माती आहे आणि पाणी पार लांब. खोलीला अजून खताचा वास येतो. लोखंडी खाट, एक माठ, मागे तट्ट्याचा आडोसा. फोनला रेंज नाही. केतकी नाक मुरडेल आणि मग आम्ही दोघी हसू. मला तर आत्ताच हसू येतंय.

सहीची गंमत लिहायला हवी. पाहुण्यांची नोंदवही म्हणून बद्रीनाथांनी सोसायटीचं जुनं सभेचं रजिस्टर पुढे केलं. नवं कावून आणायचं, यात पानं हायेत की, कोरी जागा दिसल तिथं करा सही, म्हणाले. फॉर्मही सोसायटीच्या सभासदत्वाचाच: नाव, वय, वारसदार. वारसदार म्हणून मी केतकीचं नाव घातलं. रजिस्टरात जिथे कोरी जागा होती तिथे आधी ‘अनुमोदक’ असं छापलेलं. मला हसूच फुटलं. आमच्या शिक्षक पतपेढीच्या सभेत सतरा वर्षं मीच अनुमोदक. ठराव काय आहे ते वाचतो कोण? सूचक ठरलेला, अनुमोदक ठरलेली, आणि सगळ्यांचं लक्ष वड्यांच्या वासाकडे. नाही म्हणायचा मला मुळात कंटाळा. केली झोकात सही.

इथे स्वयंपाकाला तुळजाबाई आहेत. सत्तरीच्या पुढच्या, बेटावर एकट्याच राहतात. मी सही कुठे केली ते त्यांनी बद्रीनाथांना दोनदा विचारलं. मग माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. माणसं भारी प्रेमळ आहेत इथली.

सोमवार, २ मे

झोप छान लागली. सकाळी बघते तर पाणी आणखी दहाबारा पावलं मागे गेलेलं. जुनं गाव वर येतंय. घरांची जोती, एक आड, गावचा रस्ता, सगळं नकाशावर काढल्यासारखं दिसतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाभळीचे खुंट आहेत, पाण्यात राहून पांढरे पडलेले, ओळीत.

तुळजाबाईंच्या हातची भाकरी आणि ठेचा. धरणातले मासे नाहीत का विचारलं, तर म्हणाल्या इथलं आमी खात न्हाई. कोकणातल्या बाईला हे सांगायचं म्हणजे कमाल झाली. कारण विचारलं नाही.

दुपारी पुन्हा खुंट पाहिले. सकाळी ते रस्त्याच्या कडेला होते असं मला वाटलं होतं. आता ते गोदामाकडे तोंड करून बसल्यासारखे दिसतात. ऊन फार आहे, उद्यापासून टोपी घालेन.

मंगळवार, ३ मे

बद्रीनाथ आले, पण होडी काठाला लागेना. पाणी गेलं तिथे नुसता गाळ. होडी तरंगायला पाणी पुरेना आणि माणसाला चालायला जमीन नाही. लांबूनच ओरडले, गाळ लई हाय बाई, पाय घालू नका, म्हैस गेलती मागं, शिंगंबी न्हाई दिसली. दोन दिवसांत वर पापुद्रा धरला की रस्त्याने चालत येऊन नेतो म्हणाले. पिठाची पिशवी आणि पाण्याचे दोन कॅन त्यांनी दोर बांधून फेकले. एक कॅन पोचला.

दुष्काळात धरण आटलं म्हणून बेटावर अडकलेली मी पहिलीच असेन. केतकीला सांगायला मस्त गोष्ट झाली.

खुंटांची एक ओळ वाढली आहे. गाळ उघडा पडतो तशी वाढणारच म्हणा.

बुधवार, ४ मे

आज वेळ जाईना म्हणून रजिस्टर उघडलं. नसतं उघडलं तर बरं झालं असतं.

शेवटची सभा धरणाच्या आदल्या वर्षीची. ‘ठराव क्र. ७. धरणाचे पाणी आले तरी संस्थेचे सभासद व त्यांचे वारस यांपैकी कोणीही गाव सोडून जाणार नाही. सूचक: श्री. गहिनीनाथ.’ पुढे ‘अनुमोदक’ आणि माझी सही. आणि माझ्या सहीखाली, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. रविवारी ही ओळ नव्हती. सही न वाचता केली असेल, पण एवढं मला आठवतं.

तुळजाबाईंना विचारलं. त्या चुलीपुढे बसूनच बोलल्या. गहिनीनाथ त्यांचे मालक. त्यांनी भर सभेत ठराव मांडला आणि अनुमोदन कोणाचं म्हणून तीनदा विचारलं. माणसं नव्या गावठाणाला भुललेली. तुळजाबाई स्वतः सभासद, पुढच्याच ओळीत बसलेल्या. “सगळ्यायनं खाली माना घातल्या. म्याबी घातली,” एवढं बोलून त्या थांबल्या. गाव उठलं. गहिनीनाथ एकटे गोदामाच्या पायरीवर बसून राहिले, पाणी आलं तरी. मग सभा अर्धीच राहिली, ती चाळीस वर्षं अर्धीच होती, असं त्या म्हणाल्या. एकेक करून सगळे मेले, नव्या गावात, केजला, ऊसतोडीला गेले तिकडे. आता येतायत. तुमचे लई उपकार झाले बाई, म्हणाल्या.

सभासद व त्यांचे वारस. फॉर्मवर केतकीचं नाव माझ्या अक्षरात आहे.

पान फाडलं, चुलीत घातलं. संध्याकाळी रजिस्टर उघडलं तर पान जागेवर होतं.

गुरुवार, ५ मे

ते खुंट नाहीत.

भर बारा वाजता, लख्ख उन्हात सांगते. फेटे आहेत, पदर आहेत. सगळं गाळाच्या रंगाचं. पुरुष मागे, बाया पुढे, मांडी घालून. हलत नाहीत. तुळजाबाई ओट्यावरून एकेकाला नावाने हाक मारतात, बरं हाय का विचारतात.

मी गोदामाच्या दोन फळ्या काढून गाळावर टाकल्या आणि त्यांच्यावरून निघाले. एक फळी टाकायची, पुढे जायचं, मागची उचलून पुढे टाकायची. तीस-चाळीस पावलं गेले. पहिल्या ओळीपाशी आले तेव्हा त्यातली एक बाई माझ्याकडे न बघता थोडी सरकली. आपल्याशेजारची जागा हाताने सारखी केली, सभेला उशिरा आलेल्या बाईला करून देतात तशी.

कशी परत आले ते आठवत नाही. डावी चप्पल गाळात राहिली. मला घरी जायचं आहे. केतकी इथे यायच्या आत मला इथून निघायचं आहे, बाकी मला काही नको.

शुक्रवार, ६ मे

सकाळी बद्रीनाथ पलीकडच्या काठाला दिसले. मी घसा फाटेस्तोवर ओरडले, केतकीला फोन करा, येऊ नको सांगा. नंबर एकेक आकडा करून चार वेळा सांगितला. त्यांनी हात वर केला. गाळातली माणसं त्यांना दिसतात का विचारलं. कोन्ती माणसं, म्हणाले.

दुपारी परत आले. फोन लागला, म्हणाले. आई बेटावर अडकलीय, तू येऊ नको, असं सगळं सांगितलं. तर पोरगी रडायलाच लागली आणि म्हणाली शेवटचा पेपर सोडते आणि मिळेल त्या गाडीने निघते.

मीच बोलावलं तिला. नऊला आली असती, आता परवा येणार.

पुन्हा फोन करा म्हणून ओरडायला गेले तर आवाज फुटेना. घसा बसला आहे. पाणी अर्धा कॅन.

शनिवार, ७ मे

रस्त्यावर पापुद्रा धरला आहे. बद्रीनाथ कमरेला दोर बांधून निघाले. भला माणूस. मी दोन्ही हातांनी परत जा म्हणून सांगत होते, त्यांना वाटलं मी घाई करते आहे. रस्त्यावरून नीट येत होते. मधोमध आल्यावर थांबले. इकडेतिकडे बघितलं, जसं कोणी नाव घेऊन बोलावलं. त्यांचे वडीलही सभासद होते, तुळजाबाई म्हणाल्या. म्हणजे ते वारस.

टोपी काढली आणि तिसऱ्या ओळीत जाऊन बसले. अजून बसलेत. दोर ओला होऊन पडला आहे.

दुपारी तुळजाबाईंनी लुगडं झटकलं, चुलीवर पाणी मारलं आणि त्याही गेल्या. पुढच्या ओळीत, आपल्या जागी. पायरीवर कोणीतरी बसलं आहे, गोदामाच्या पायरीवर, माझ्या दाराबाहेर, पाठमोरं. मी तिकडे बघत नाही.

मग मला एकच सुचलं. सभेत दिलेलं अनुमोदन सभेतच मागे घेता येतं. दारात उभी राहिले. होता नव्हता तेवढा आवाज काढून ठराव मांडला. ठराव क्रमांक सातला दिलेलं अनुमोदन मी मागे घेत आहे. सूचक मी. अनुमोदन कोणाचं?

तीनदा विचारलं.

सगळ्यांनी खाली माना घातल्या. बद्रीनाथांनीही. तुळजाबाईंनीही.

रविवार, ८ मे

पाणी संपलं. केतकी, तू रात्रीची गाडी चुकवलेली असू दे. काहीतरी होऊ दे, गाडी बंद पडू दे, पाय मुरगळू दे तुझा —

रस्ता पूर्ण वाळला आहे. सरळ, या काठापासून त्या काठापर्यंत. एका माणसापुरता.

मी जाऊन पाहिलं. दहा पावलं चालले आणि पाय आपोआप ओळीकडे वळायला लागले. हातांवर रांगत परत —

पायरीवरच्याने मला वाट दिली. सरकून बसला.

नंतर

जीप. पलीकडे धुरळा. तीच आहे, निळी सॅक. जीप गेली. तिच्याबरोबर कोणी नाही.

मला शोधते आहे. डोळ्यांवर हात धरून.

ओरडले. नुसती हवा येते.

चादर घेतली, खिडकीतून हलवली, नको, नको, नको. तिने पाहिलं. दोन्ही हात वर करून हलवले. हसते आहे बहुतेक. इतक्या लांबून नको आणि ये एकसारखंच दिसतं, देवा —

सॅक उतरवली. सँडल काढते आहे.

चादर खाली टाकली. हात पाठीशी घेतले. उभी राहिले नुसती, म्हणजे तिला वाटेल बोलावत नाही. ती थांबली. थांबली आहे. एक पाय रस्त्यावर आहे आणि बघते आहे. थांब तिथेच बाळा. तशीच थांब. मागे —

नाही. तिला वाटलं मला काहीतरी झालं. ती पळत