सुनंदाने काय मागितलं

७ जानेवारी, उमरखेड
सूनबाई सुनंदा मोबाईलवर नोकरीचे अर्ज भरून राहिली आहे. कितवा, विचारलं नाही. प्रत्येक साइटवर तोच रकाना: लग्नानंतर इतकी वर्षं काय केलं? ती लिहिते, 'घर'. उत्तर येत नाही. माधवला जाऊन दोन वर्षं झाली. माझा मुलगा, तिचा तर…
दुपारभर शाळेतली नदीची कविता आठवत बसलो. दुसरं कडवं हाती लागेना.

१२ जाने.
नागपूरच्या नसीमबाईंचा फोन. कंपन्यांना माणसं शोधून देतात. सु.च्या मैत्रिणीने नंबर दिलेला. सु. दळण आणायला गेलती, मीच उचलला.
"काका, सूनबाई कशा आहेत?"
झालं! मी सोयरिकीतल्या मध्यस्थाशी बोलावं तसा सुटलो. गुणी, बी.कॉम., हिशेब चोख, आवाज कधी चढत नाही. मारेगावला हिला पाहायला गेलो तेव्हा हिचे वडील अगदी असंच बोलत होते.
बाई हसल्या. "काका, लग्न नाही जुळवत मी. एखादं उणंही सांगा."
मोठा पेच. शेवटी म्हटलं, "स्वतःसाठी काही मागत नाही. साडीसुद्धा."
"मग पगाराचं मी बोलते."
साइटवर 'अपेक्षित पगार' हा रकाना सु. कोराच ठेवते.
घरी आल्यावर मला बोलणी. "मामाजी, ओळख ना पाळख, साडी काहून काढली मधात?"

१९ जाने.
मोबाईलवर मुलाखत. नागपूरची बियाण्यांची कंपनी, ऑफिसात हिशेबाचं काम. मी धुतलेली टोपी घातली. सु. म्हणे, "तुमाले कोन पाहून राह्यलं? आता पोहे बी करता काय त्यायच्यासाठी?"
दाराआड उभा राहिलो. तिला हसताना ऐकलं. किती दिवसांनी.

२१ जाने.
नसीमबाई: पसंत आहे, पगारही चांगला जमवला. पण कंपनीला माणूस एक तारखेला पाहिजे आणि सु.ने मुलाखतीतच महिनाभराची मुदत मागितली. सासऱ्यांना सोबत न्यायचं, तळमजल्यावर घर शोधायचं. दुसरी एक मुलगी लगेच यायला तयार आहे. "मी बोलते त्यांच्याशी, पण खात्री नाही, काका."
माझ्यापायी हातची जाते की काय!
म्हटलं, "सुनंदा, मी राहतो इथंच. डबा लावू. बाईले सांगून देतो."
तिने फोन काढून घेतला. "काही सांगू नका. मी मागतलं हाय."
 

२३ जाने.
फोन नाही. संध्याकाळी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. सु. खाली मान घालूनच म्हणाली, "तिकडं आंगन नसन, मामाजी. चालन ना?"
मी मोगऱ्याकडे पाहत होतो. माधवने लावलेला.
म्हटलं, "याची एक फांदी कुंडीत लावून पाहू."