डंपर कुठे जातो

चिखला,
११ जानेवारी, रविवार

प्रिय तृप्ती,

सप्रेम जय भीम.

मागच्या रविवारी तू फोनवर विचारलंस, की तुझ्या वॉर्डातल्या कामिनी सिस्टरचा कुत्रा सारखा पळून जातो, त्याच्यासाठी कोणतं यंत्र घ्यावं, कारण आपल्या डंपरसाठी मी घेतलं आहे आणि मला त्यातलं कळतं. मी म्हणालो, लिहून पाठवतो. तू हसलीस. व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात नाशिकला पत्र पाठवणारा मी एकटाच असेन. पण मोबाईलवर लिहायला गेलो की माझा अंगठा दोन अक्षरं एकदम दाबतो, आणि तू ड्युटीवर असलीस की फोनवर बोलणं अर्धंच राहतं. म्हणून वही फाडून बसलो आहे. चहा झाला आहे, ऊन अंगणात आलं आहे आणि डंपर माझ्या पायावर मान टाकून घोरतो आहे.

कामिनीला पहिली गोष्ट सांग, की घाई करू नको. मी घाई केली आणि फसलो. पावसाळ्यात डंपरचं जाणं फार वाढलं होतं. सकाळी भाकर खाल्ली की जो निघायचा तो दिवेलागणीला यायचा; कधी दुसऱ्या दिवशी. अंगाला लाल माती, कानात गोचीड. तुझी आई होती तेव्हा हा उंबऱ्याबाहेर जायचा नाही. खदानीत डंपरच्या चाकाखाली सापडलेलं एवढंसं पिल्लू मी डब्याच्या पिशवीत घालून आणलं होतं, तेव्हा मालननेच त्याचं नाव ठेवलं. ती गेल्यावर पहिले काही महिने तो दारात बसायचा. मग एक दिवस उठला आणि चालायला लागला. मला वाटायचं, तिला शोधत असेल. चार वर्षं झाली, अजून शोधतो आहे म्हणजे कमालच.

तर मी तुमसरला विनोदच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. ओळखतेस ना, आपल्या टिकारामचा जावई. त्याला म्हटलं, डंपरसाठी ट्रॅकर पाहिजे. त्याने लगेच एक काळी डबी काढली, त्याला लाल-काळ्या वायरी. "काका, हे बॅटरीले जोडाचं. इंजिन चालू झालं का मोबाईलवर मेसेज येते. किती चाकी हाये?" मी म्हणालो, चाकं नाहीत, चार पाय आहेत. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग दुकानातली सगळी माणसं हसली, आणि मीही बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसलो.

त्या दिवशी मी एक बटणासारखा गोल टॅग घेतला. तो फसवा निघाला असं नाही, पण आपल्या कामाचा नव्हता. कामिनी शहरात राहते, तिला कदाचित चालेल, म्हणून समजावून सांगतो. त्याच्यात सिम नसतं. आसपास कोणाचा मोबाईल असला तर त्याच्या आधाराने तो आपला पत्ता सांगतो. बाजारात तो बरोबर चालतो. पण आपल्या टेकडीवर वांदरं आहेत, आणि वांदरांकडे मोबाईल नसतो. डंपर दिवसभर बेपत्ता आणि माझा फोन सांगतो, शेवटचा दिसला चार तासांपूर्वी, स्वतःच्याच अंगणात. ते मलाही माहीत होतं.

मग विनोदने सिमवाला जीपीएस पट्टा मागवून दिला. पण त्याआधी मी एक काम केलं, ते कामिनीनेही करावं. दोन कंपन्यांची सिमं दोन मोबाईलमध्ये घातली आणि डंपर जिथे जिथे जात असेल तिथे पायी फिरलो. तलावाची पाळ, धानाचे बांध, जुन्या खदानीचा रस्ता. कुठे कोणत्या सिमच्या किती काड्या येतात ते पाठकोऱ्या कागदावर लिहीत गेलो. लोक विचारायचे, "बाबुलालभाऊ, टॉवर उभा करून राहिले काय?" एकतीस वर्षं जमिनीखाली काम केलेल्या माणसाला हे असं वरून, उजेडात गाव मोजत फिरणं फार आवडलं, तुला खरं सांगतो. खाली उतरण्याआधी लॅम्परूममध्ये आम्ही दिवा घ्यायचो आणि टोकन द्यायचो, म्हणजे वरच्यांना कळावं की हा माणूस आत आहे, अजून आला नाही. रिटायर झाल्यावर टोकन गेलं. मी कुठे आहे हे कळण्याची कोणाला गरज राहिली नाही. असो. पट्ट्याचं सांगत होतो.

पट्टा कुत्र्याच्या मानाने हलका पाहिजे. डंपर मोठा आहे, कामिनीचं कुत्रं लहान असेल तर आधी वजन करून घ्या. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जायला हवीत. पाण्यात चालणारा पाहिजे. आपला तर तलाव दिसला की आधी उडी मारतो. बॅटरी डब्यावर लिहिली असते त्याच्या अर्धी धरावी, कारण नेटवर्क शोधता शोधता ती लवकर संपते. आणि वाजणारा पाहिजे, म्हणजे आपण जवळ गेलो की मोबाईलवरून बटण दाबलं तर पट्टा टीटी करतो, टॉवर नसला तरी. विनोद म्हणाला, "काका, हे कायले पायजे, जास्तीचं हाये." मी म्हणालो, असू दे. अ‍ॅपवर घराभोवती एक गोल आखता येतो. कुत्रं गोलाबाहेर गेलं की घंटा वाजते. पहिल्या दिवशी ती इतक्या वेळा वाजली की मी गोल मोठा केला. दुसऱ्या दिवशी त्यात तलाव घेतला. आठवड्याने तलावापलीकडची टोलीची वस्तीसुद्धा आत घेतली.

कारण तिथेच जायचा तो. मोबाईलवरचा निळा ठिपका रोज दुपारी अडीच वाजता टोलीवर एकाच घरी जाऊन बसायचा. एक दिवस मी ठिपक्याच्या मागे मागे गेलो. शेणाने सारवलेलं अंगण, कौलारू घर, ओट्यावर एक बाई तांदूळ निवडत बसलेल्या आणि आपले साहेब त्यांच्या शेजारी पाय वर करून पोट खाजवून घेत होते. त्या आनंदाबाई. टोलीवरच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. त्यांचे मालक जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. शाळेतली उरलेली खिचडी त्या घरी आणतात आणि ती खायला डंपर जातो. म्हणजे मालनला शोधतो हे माझं आपलं. आनंदाबाई त्याला राजा म्हणायच्या. त्यांना वाटलं, बेवारशी आहे; म्हणून त्यांनी साकोलीच्या भाच्याला विचारून त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन रेबीजचं इंजेक्शनसुद्धा दिलं होतं. मी पंधरा दिवस आधीच दिलेलं. बिचाऱ्याने दोन्हीकडे मुकाट्याने टोचून घेतलं, दोन्हीकडे गूळ खाल्ला, आणि कुठेच काही बोलला नाही.

मी जरा तोऱ्यात म्हणालो, हा माझा कुत्रा आहे. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. म्हणाल्या, "असन भाऊ. पण घरात कोनी बोलतच नसन तं जनावर काहून थांबन?" मी घरी आलो तो रागातच. रात्री जेवताना लक्षात आलं, की त्या दिवशी सकाळपासून मी घरात एक शब्दही बोललो नव्हतो. डंपरशीसुद्धा नाही. तू फोनवर विचारायचीस, बाबा कसे आहात, आणि मी म्हणायचो, मजेत. तेवढंच.

त्यानंतर मी डंपरला आणायला म्हणून जायला लागलो. न्यायचं निमित्त, पण बसणं व्हायचं. त्या निवडायच्या, मी खडे दाखवायचो. त्या फार हसवतात. हेडमास्तर खिचडी चाखताना तोंड कसं करतात ते करून दाखवतात. मी त्यांना खदानीतल्या गोष्टी सांगितल्या; लिफ्ट खाली जाताना पोटात काय होतं, आमचा मुकादम धनीराम अंधारात गाणं कसं म्हणायचा. तुझी आईसुद्धा मला हे विचारायची नाही, भीती वाटायची तिला. आनंदाबाईंनी तिच्याबद्दलही विचारलं. मी सांगितलं. सगळं सांगितलं, शेवटच्या महिन्यातलंसुद्धा, जे तुझ्यासमोर मी कधी काढत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि उठून चहा ठेवला.

आता तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, रागावू नको. धान कापणीच्या वेळी डंपर दोन दिवस हरवला होता. तुला सांगितलं नाही, पायाला लागलं, टोलीवर मलमपट्टी करतो, एवढंच म्हणालो, कारण तू तिकडून काय करणार. ठिपका जुन्या उघड्या खदानीजवळ थांबला होता आणि खाली लिहिलेलं, शेवटचं ठिकाण, काल सकाळी साडेअकरा. तिथे टॉवर येत नाही, माझ्याच कागदावर मी फुली मारलेली. मी सकाळी काठी घेऊन निघालो. टोलीजवळ आनंदाबाई रस्त्यात उभ्या. हातात दोर, कमरेला विळा, पदरात भाकर. मी म्हटलं, तुम्ही कशाला? "कुत्रा का एकट्या तुमचाच हाये?" एवढं म्हणून त्या पुढे चालायलाच लागल्या. शाळेला त्यांनी तोवर कधी दांडी मारली नव्हती.

दोन तास आम्ही हाका मारल्या. त्या राजा म्हणायच्या, मी डंपर म्हणायचो. उत्तर नाही. मी चालता चालता ते बटण दाबत होतो. जुन्या चरीच्या काठावर एकदा वाटलं, किडा ओरडतो आहे. थांबलो. पुन्हा दाबलं. रायमुनियाच्या झुडपाखालून टीटी, टीटी. खाली उतरून बघतो तर डुकरासाठी कोणीतरी तारेचा फास लावलेला, त्यात त्याचा पुढचा पाय. ओढून ओढून तार मांसात गेलेली. भुंकायचंही बळ नव्हतं, पण शेपूट हलली गं तृप्ती. आनंदाबाईंनी त्याचं तोंड पदरात धरून छातीशी घेतलं, मी फास सैल करून पाय सोडवला. वर चढताना माझा गुडघा घसरला आणि मी चरीत मागे जात होतो, तेव्हा त्यांनी मनगट धरलं. खिचडीचं पातेलं उचलणारा हात आहे तो, सुटला नाही. वर आल्यावर मात्र मला असं झापलं की काय सांगू. "एकटे आले असते आन् पडले असते तं कोनाले मालूम झालं असतं? कुत्र्याच्या गळ्यात पट्टा हाये, तुमच्या हाये का?" आणि मग त्या रडायला लागल्या. तिघांनीही मातीत बसून भाकर खाल्ली.

जखम भरायला तीन आठवडे लागले. मलमपट्टी त्यांच्याच ओट्यावर व्हायची, कारण एकाने धरल्याशिवाय तो पट्टी बांधू द्यायचा नाही. पाय आता बरा आहे, थोडा लंगडतो एवढंच. आणि गंमत बघ, तेव्हापासून तो भटकत नाही. दिवसभर माझ्यासोबत असतो. मी घरात बोलतो आता. त्याला पेपर वाचून दाखवतो. आनंदाबाई पहिल्या दिवशी मला भाऊ म्हणाल्या होत्या. आता त्या मला कशानेच हाक मारत नाहीत. नुसतं "अवो" म्हणतात आणि मग स्वतःच दुसरीकडे बघतात.

कामिनीला सिमवाला पट्टाच सांग. वाजणारा. हे दोन ओळींत झालं असतं, हे मलाही कळतं. पण मागच्या रविवारी त्याच फोनवर तू आणखी एक विचारलंस. अ‍ॅप तुझ्याही मोबाईलवर आहे हे मी विसरलो होतो. तू म्हणालीस, "बाबा, डंपरचा पाय बरा झाला ना, मग तो रोज पाच ते सात टोलीवर काय करतो?" मी म्हणालो, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे. तृप्ती, नेटवर्क चांगलं आहे. त्याला मी नेतो. मला आनंदाबाईंशी लग्न करायचं आहे. तीनदा फोनवर सांगायला गेलो आणि तीनदा तुला तिकडच्या थंडीबद्दल विचारून ठेवून दिला. मालनचा फोटो आहे तिथेच राहील, हे त्यांनीच आधी सांगितलं, मी विचारण्याआधी. विहारात पाच माणसांत होईल, गाजावाजा नको. लोक हसतील, तुमसरच्या दुकानात हसले तसे, मला चालेल. पण आनंदाबाईंची एक अट आहे. "पोरगी हो म्हनन तवाच. पोरीच्या मनाविरुद्ध मी त्या घरात पाय ठेवनार नाई." म्हणून हे पत्र. तुला वाईट वाटलं तर ते मला सांग, मी ऐकून घेईन, आणि तू नाही म्हणालीस तरी मी तुझा बापच राहीन. पण जर तुझं मन होत असेल, तर मला फोन करू नकोस. त्यांचा नंबर या पानाच्या मागे लिहिला आहे. त्यांना कर. नाशिकहून फोन येईल म्हणून त्या शाळेतसुद्धा मोबाईल पदराला बांधून खिचडी ढवळणार आहेत.

तुझ्या उत्तराची वाट बघत ओट्यावर बसलेला, तुझाच

बाबा