यंत्राला मेंदी चालत नाही

२ जून, स्फाक्स
प्राध्यापकपदाची निवड सोमवारी! विभागप्रमुख सी मुन्सिफ म्हणाले, "नबीहाबाई, कागद पुष्कळ झाले. पंचांसमोर यंत्र चालवून दाखवा."
दाखवीन की! चिमट्यासारखं बोटाला लावायचं, रक्तातला प्राणवायू आकड्यात दिसतो; पंचाण्णवच्या वर असला की ठीक. खेड्यातल्या बाळंतिणींसाठी स्वस्तातलं केलंय. विद्यार्थ्यांच्या बोटांवर एकदाही चुकलेलं नाही.
भाचीच्या लग्नाला आई, आमची उम्मी, गाबेसहून आली. जिन्यात दर वळणावर थांबली. "हा जिना काय उंटांसाठी बांधलाय?" वय झालं आता तिचं.

४ जून
मेंदीचा कार्यक्रम. मी हात मागे घेतले, तर उम्मीनं मनगटच धरलं. "मावशीचे हात कोरे? नवरीला अपशकुन करतेस होय गं?" गाबेसची मेंदी, तीही दोनदा चढवलेली. बोटांची टोकं काळीकुट्ट!

६ जून
फजिती! ऐटीत स्वतःच्याच बोटाला यंत्र लावलं. पडद्यावर नुसत्या रेघा. दुसरं बोट — तेच. एक पंच हसले, "बाईंच्या अंगात रक्तच नाही!" सी मुन्सिफ खिडकीबाहेर बघत राहिले. निवड सप्टेंबरवर.
बाहेर येऊन हात धुताना उजेड पडला. मेंदी! प्रकाश बोटातून पलीकडे जातच नव्हता.
घरी येऊन रडले. मग संताप आला, स्वतःचाच. आमच्याकडे कुठली बाळंतीण कोऱ्या हातांनी असते? आणि मी, गाबेसची मुलगी, कॉलेजातल्या पोरांची बोटं तपासत बसले!

८ जून
कानाच्या पाळीला कोण मेंदी लावतं! चिमटा लहान केला, स्प्रिंग सैल केली. माझ्या कानावर ९७!!
उम्मी म्हणाली, "कानातलं छान आहे. जोडीचं दुसरं कुठंय?"

९ जून
सी मुन्सिफना कळवलं. "सप्टेंबरात हेच आणा. पहिली टाळी माझी." जीव भांड्यात पडला. उम्मीनं मासे घालून रव्याचा कुसकुस केला.
जेवणानंतर गंमत म्हणून तिच्या कानाला यंत्र लावलं. ८४. बिघडलं असेल म्हणून माझ्या कानाला — ९७. पुन्हा उम्मी. ८३.
"गावच्या दवाखान्यात बोटाला लावतात की," ती म्हणाली. "काही दिसतच नाही. नर्स म्हणते, मेंदी आहे आजी, जाऊ दे."
तो जिना! आणि मी म्हणे वय झालं.

१० जून
हृदयाची झडप बिघडलीय. वेळेत आणलंत, शस्त्रक्रियेनं बरी होईल, म्हणाले डॉक्टर. इथलंही यंत्र तिच्या बोटांवर चालेना. माझंच कानाला आहे. आत नेताना विचारत होती, "कानातलं काढणार नाहीत ना गं?"