काटा मधातच राहिला

प्रिय मामा,

जयभीम. आज तुमची गाडी लोधीखेड्याहून सौसरला आणली, संत्र्याचे कॅरेट भरून. आणि इंजिनच्या गर्मीचा काटा मधातच राहिला, मीटरच्या बरोबर मध्ये! लाल पट्टीकडे एकदाही गेला नाही. ही गोष्ट तुम्हाला नाही तर कोणाला सांगू? म्हणून लिहून राहिलो. अक्षर वाईट आहे, पण तुम्हाला माहीतच आहे, शाळेत मी बसलो किती अन् बाहेर हिंडलो किती.

तुम्ही गेल्यापासून पिकअप अंगणातच उभी होती. तुम्ही होते तेव्हाच ती माल घेऊन निघाली की सौसरच्या वाटेवरचा चढ लागायच्या आधीच तापायची. कबाडीवाला येऊन टायरला लाथ मारून पाहून गेला. रविवारी ओढून नेतो म्हणाला. मामीनं हो म्हणून टाकलं.

मी म्हटलं, "मामी, मले एकडाव पाहू तर दे."

"तू पाहशील? तुझं ध्यान एका जाग्यावर राहते का बे कधी?"

तिचंही खरंच. पांढुर्ण्याच्या ढाब्यावर राहिलो, बोरगावला कंपनीत राहिलो, नागपूरला तर काय काय केलं. कुठंच टिकलो नाही. परत आलो की घरचे विचारायचे, आता काय करशील? तुम्ही मात्र गाडीचं दार आतून उघडायचे. "आले का भाचेबुवा? बसा." बस, एवढंच. मामा, माझी म्हणावी अशी एकच जागा होती, तुमच्या बाजूची ती फाटकी सीट. ती कबाडात कशी जाऊ देऊ?

सौसरच्या मिस्त्रीनं बोनेट उघडलं, वास घेतला आणि म्हणाला, "हेड गॅस्केट गेलं. इंजिन खोलावं लागते." मामीनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे, झालं समाधान?

पण तुम्ही मला शिकवलं होतं ना, की गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही आणि गरम डोक्यानं निदान करायचं नाही. गाडी थंड होऊ दिली. रेडिएटरमध्ये पाणी काठोकाठ. खाली पुठ्ठा अंथरून ठेवला होता, तो कोरडा. ऑइलची काडी काढली, पाणी मिसळून दुधाळ झालेलं काही नाही. गाडी चालू करून पाण्यात बुडबुडे पाहिले, तेही नाहीत. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबला, ताणलेला. मग गॅस्केट कसं गेलं? उभी असली की बरी राहते, ओझं घेतलं की तापते. का? मी तिथंच मडगार्डवर बसून राहिलो. मग एक मुंगळा दिसला, तो कुठं जाते ते पाहत राहिलो. तुम्ही असते तर टपली मारली असती.

त्या मुंगळ्याच्या नादात हातातला पाना सुटला. समोरच्या जाळीच्या आत पडला. आणि आवाजच आला नाही! लोखंडाचा पाना लोखंडात पडला, तर टण्ण व्हायला नको?

जाळी खोलली. पाना मऊ मऊ गादीवर पडून होता. रेडिएटरच्या पुढं, सुतळीनं घट्ट बांधलेली, कूलरच्या बाजूला लावतात ती वाळ्याच्या गवताची घास! मातीनं अन् कापसाच्या फुसक्यानं असं लिंपण झालेलं, की वरून पाहणाऱ्याला ती गाडीचाच भाग वाटावी. रेडिएटरपर्यंत वारा जाईल कुठून?

मामा! अहो, घरातल्या कूलरमध्ये मोटर त्या घासेवर सारखं पाणी सोडत असते. इथं तुम्ही थांबाल तिथं बाटलीभर पाणी शिंपडणार, आणि ते दोन मिनिटांत सुकणार. मला आता आठवते, आपण थांबलो की तुम्ही जाळीवर पाणी मारायचे. मला वाटायचं, धूळ धुऊन राहिले! सांगायचं होतं ना.

मी ती घास घेऊन घरात गेलो. मामी उन्हाळा आला म्हणून कूलर पुसत होती. कूलरच्या दोन बाजूंना घास, तिसऱ्या बाजूला पुठ्ठा. तिनं माझ्या हातातली घास उलटीपालटी केली आणि लाल दोऱ्याच्या टाक्यांवर बोट ठेवलं.

"हे तर मी शिवलं. मले म्हणत, सडली, फेकून देली." मग हसायला लागली. "म्हणजे मी इथं उकडून राहिली, अन् हे गाडीले हवा घालून राहिले!"

हसता हसता ती खाली बसली. घास मांडीवर घेऊन म्हणाली, "त्यायनं सोताचंही असंच केलं रे. छातीत जळते म्हणत, अन् वरून थंडं पाणी पेत. आत काय आहे ते कोणाले पाहूच नाही देलं."

मामा, का नाही दाखवलं? सौसरला दवाखाना काय लांब होता? मी गाडी चालवली असती. मला एक हाक तर मारायची होती!

रेडिएटर मागच्या बाजूनं पाइप लावून धुतला. आधी काळं पाणी आलं, मग फुसके, मग स्वच्छ. आज सकाळी माल भरला तेव्हा मामी चप्पल घालून तयार. "मीबी येतो," म्हणाली. सगळ्या वाटेनं रस्त्याकडे नाही, काट्याकडे पाहत होती. चढ संपला, तेव्हा तिनं मीटरच्या काचेवरची धूळ पदरानं पुसली.

"त्या कबाडीवाल्याले सांगून दे," ती म्हणाली, "नोको येऊ म्हणा."

मी तुमच्या जागेवर होतो, स्टेअरिंगमागे; ती माझ्या जागेवर. माझी सीट गेली, मामा. पण चालते.

आता माझा शब्द घ्या. मी एका जागी बसून राहीन असं खोटं नाही सांगत, पण जाईन तिथं ही गाडी घेऊन जाईन आणि संध्याकाळी मामीच्या अंगणात आणून लावीन. मामीनं कुठं दुखते म्हटलं, की आधी गाडी काढीन, मग विचारीन. आणि पांढुर्ण्याच्या बाजारातून कूलरच्या तिसऱ्या बाजूसाठी नवी घास आणीन, वाळ्याचीच. तिला तो वास आवडतो, हे मला तुम्हीच सांगितलं होतं.

तुमच्या बाजूला बसणारा,
भाचा पंकज