जोडे काढून गोल्फ

प्रिय रोहित,

परवा पुण्याहून निघून अकोल्याला उतरलो, तिथून जीपनं दर्यापूर. ड्रायव्हरनं मागं पोत्यांवर बसवलं, कंबर अजून ठणकून राहिली. पोचल्यावर तुला फोन केला तेव्हा बरं आहे म्हणालो. फोनवर मी नेहमी बरं आहे असंच म्हणतो, म्हणून हे लिहायला बसलो. शाळेत शिकवलं तसं शुद्ध लिहितो आहे; मध्येच आपली बोली आली तर तिथल्या मित्रांना वाचून दाखवू नको. नोकरी सोडून घरी येऊ का, वावर करू का, हे तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. मी हात धुवायला म्हणून उठलो अन् आल्यावर विषय बदलला, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल.

ते गोल्फ तर डोळ्यापुढून जात नाही. तू म्हणालास, हे छोटं मैदान आहे, मोठ्यावर अख्खा दिवस जातो. बाप रे, छोटं म्हणे! भर उन्हाळ्यात फवारे सुरू, अन् पीक काय, तर गवत. मी जन्मभर गवत उपटलं, अन् पोरगं मले गवत दाखवायले घेऊन गेलं. तू शिकवलंस तशी काठी धरली, पण हात सवयीनं कुदळीसारखा खाली आला. बॉल जागेवरच राहिला, ढेकूळ पुढं गेलं. तू हसलास. किती दिवसांनी तुला हसताना पाहिलं.

मग तो झेंडा लावलेला गुळगुळीत तुकडा आला. मला तर खळंच वाटलं. धान्य पडतं त्या जागी कोणी जोडे घालून जातं का? तुझी आई तर चप्पल पार बांधावर ठेवायची. मी न विचारता जोडे काढले, जमिनीला हात लावून कपाळाला लावला अन् आत गेलो. तिथला माणूस धावत आला, शूज घाला म्हणाला. मागचे लोक थांबून पाहून राहिले होते. तुला लाज वाटेल म्हणून मी जोडे घालायला वळलो, तर तू खाली बसून स्वतःची लेस सोडत होतास. तुझे पाय पाहिले मी. पांढरेफटक, सुजलेले. आदल्या दिवशी फ्रिजवर झोपेच्या गोळ्या दिसल्या होत्या, त्या आठवल्या.

तिथून तू मला त्या बिअर बनवायच्या हॉटेलात नेलंस. काचेआड तांब्याची भली मोठी पिंपं, अन् सरकीची ढेप भिजवल्यासारखा वास. उरलेला चोथा कुठं जातो विचारलं, तर वेटर म्हणाला, गोठ्यात. चला, म्हटलं, जनावराचं तरी भागलं. बापलेकानं समोरासमोर बसून प्यायची, हे आपल्या घरात पहिल्यांदाच. कडू होती, पण तू मागवलीस म्हणून घेतली. अर्ध्या ग्लासात तू म्हणालास, "बाबा, मले आता नाही होत. मी घरी येतो."

माझ्या तोंडात शेंगदाणे होते, ते तसेच राहिले. पोरं गावात राहत नाहीत म्हणून इथं सगळे रडतात, अन् माझं पोरगं येतो म्हणालं तर मी हात धुवायला उठलो. बाबाला आनंद झाला नाही, असंच तुला वाटलं असेल. खरंच झाला नाही. काहून, ते ऐक.

बोंडअळीनं दोन वर्षं कपाशी खाल्ली, हे तुला माहीत आहे. पण ते निमित्त. मी थकलो, बेटा. सकाळी वावरात जायचं म्हटलं की पाय उचलत नाही. तुझी आई गेल्यापासून वावराच्या धुऱ्यावर बसून एकट्यानं भाकर खायचा जीव होत नाही. पुण्याला निघायच्या आधीच मी वावर अब्दुल गफ्फारभाईंना मक्त्यानं कसायला देऊन टाकलं. आपल्या शेजारचंच त्यांचं वावर, तर बैलजोडीही त्यांच्याच गोठ्यात बांधून आलो. ते म्हणाले, "देवीदासभाऊ, बेटे को पूछा क्या?" मी म्हटलं, त्यालेच विचारायले चाललो. मी तुझ्याकडं कायमचा राहायला आलो होतो, रोहित. गाडीत सगळा वेळ वाक्य जुळवत होतो. मैदानावर बोलणार होतो, जमलं नाही. हॉटेलात तोंड उघडणार, तेवढ्यात तू बोललास, अन् तुझं वाक्य शब्दान् शब्द माझंच होतं. आता कोणी कोणाकडं जायचं ते तूच ठरव. तुला यायचं असेल तर ये, गफ्फारभाई वावर परत देतील, ते नाही म्हणायचे नाहीत. पण माझ्या भरवशावर येऊ नको, मी बाजेवर पडून राहीन. नसेल यायचं तर मले तिकडं घेऊन जाय. कुठंही चालेल मले, पण आता एकटं ठेवू नको.

तुझाच,
बाबा